पहिल्या दिवसापासून डाळिंबी

टीमला इतिहास पाहिजे होता, आणि तोही गुरुवारी दुपारी चारपर्यंत.

टीमचं नाव सांगण्यात अर्थ नाही. चौदा वर्षांत चार मालक झाले, चार नावं झाली, चार रंग झाले. ही गोष्ट वाचून होईपर्यंत आत्ताचं नाव टिकेल याची हमी कोण देणार? पहिले मालक इमारती बांधायचे, दुसरे टायर विकायचे, तिसरे नेमकं काय करायचे ते अजून कोर्टात ठरायचंय, आणि आताचे गाद्या विकतात. या सगळ्या उलथापालथीत जागचं हललं नाही ते एक चषकासाठी केलेलं रिकामं कपाट आणि दुसरे किटमामा.

किटमामा म्हणजे खेळाडूंचे कपडे सांभाळणारा माणूस. धुणं, वाळवणं, पाठीवर नंबर चिकटवणं, बॅगा भरणं. मैदानावर ज्याला हजारो लोक डोक्यावर घेतात तो आत येऊन "मामा, माझा एक मोजा कुठंय?" म्हणून रडतो, हे फक्त मामांना ठाऊक. कपडे धुण्याच्या खोलीच्या दारावर त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून ठेवलं होतं, 'रंग रंगात, पांढरं पांढऱ्यात.' चौदा वर्षांत हा नियम एकदाही मोडला नव्हता. टीमनं बाकी सगळं मोडलं.

सोमवारी ब्रँडवाल्या मॅडम धावत आल्या. "मामा, आपल्याला इतिहासाची खोली करायचीय. मालकसाहेब म्हणतात, मोठ्या टीमना इतिहास असतो. जुन्या जर्सी कुणाकडे मिळतील हो?"

"माझ्याकडे आहेत," मामा म्हणाले.

दर वेळी मालक बदलला की जुन्या रंगाचं सगळं कचऱ्यात जायचं. मामा त्यातली एकेक जर्सी उचलून घरी पेटीत ठेवायचे. पहिली पांढरी, दुसरी लोणी रंगाची, तिसरी फिकट आकाशी. पांढऱ्या जर्सीवर पोटाशी गवताचा हिरवा डाग होता. टीम आयुष्यात एकदाच अंतिम सामन्यात पोचली, शेवटच्या चेंडूवर दोन धावा हव्या होत्या, आणि दुसऱ्या धावेसाठी पोटावर झेपावलेला गडी वीतभर कमी पडला. तो हा डाग. मामांनी तो कधी धुतला नाही. टीमचा खरा इतिहास लिहायचा तर तेवढ्या डागात मावला असता.

जर्सींसोबत एक फोटोही होता. पहिल्या वर्षीची टीम, सोळा खेळाडू, आणि अगदी उजव्या कडेला दोन्ही खांद्यांवर बॅगा लटकवलेले, काळ्याभोर केसांचे मामा.

"हा लावाल का?" मामांनी जरा चाचरतच विचारलं.

"लावू ना! खाली लिहू, 'पहिल्या दिवसापासून सोबत.'"

मामांना गहिवरून आलं. त्याला कारण होते साडू. चौदा वर्षं प्रत्येक कार्यात साडू चारचौघांत विचारायचे, "काय हो, टीममध्ये आहात म्हणता, मग दिसत कसे नाही कुठं?" आता दिसणार होते. चांगले भिंतीवर दिसणार होते! मामांनी त्याच दिवशी साडूंना शनिवारच्या उद्घाटनाचं आमंत्रण देऊन टाकलं. मामींनीही हौसेनं नवीन शर्ट आणला, गाद्यावाल्या मालकांनी टीमला दिलेल्या रंगाचा, गडद डाळिंबी.

"उठून दिसाल," मामी म्हणाल्या. सैल वाटलं म्हणून दुसरं बटण काढून काळ्या दोऱ्यानं पुन्हा घट्ट शिवलं. लाल दोरा संपला होता.

गुरुवारी सकाळी मॅडमचा फोन. "मामा, कपड्यांना पेटीचा वास नको हं. साहेबांना शिंका येतात." मैदानावर सराव चालू, मशीनमध्ये सगळ्यांचे चिखलाचे कपडे. मामांनी घरी फोन लावला.

"पेटीतल्या तीन जर्सी नुसत्या गार पाण्यातून काढ. आणि पांढरीवरच्या डागाला हात लावू नकोस."

मामींनी ऐकलं. पण भिंतीवर लावायच्या कपड्याला डाग? लोक म्हणतील काय? त्यांनी पाणी चांगलं कढत घेतलं. नव्या शर्टालाही दुकानाचा वास होता, तोही सोबत टाकला.

दोन वाजता मामा घरी आले आणि दोरीवरच्या जर्सी काढायला गेले. पांढरी जर्सी डाळिंबी झाली होती. लोणी रंगाची डाळिंबी. आकाशीसुद्धा डाळिंबीच म्हणायची.

"आणि डाग?"

"गेला की! तुम्हाला चौदा वर्षांत निघेना, माझ्या एका धुण्यात निघाला."

"अगं, तो टीमचा इतिहास होता!"

"हरल्याचाच ना? गेला ते बरं झालं."

मामांना रडू फुटायचं बाकी राहिलं. दोरीवरचं सगळं ओलंसुलं बॅगेत कोंबून ते क्लबवर निघाले. खरं काय ते सांगायचं, फार तर नोकरी जाईल, असं वाटेत पक्कं ठरवलं.

मॅडमनी बॅग उघडली आणि किंचाळल्या. "साहेब! लवकर या!"

साहेब आले. तिन्ही जर्सी हातात घेऊन उलटसुलट बघितल्या. "म्हणजे आपला रंग पहिल्यापासून हाच होता?"

"नाही साहेब, त्या धुताना..."

"धुऊन धुऊन फिका पडलाय, असं म्हणतायत ते," मॅडम म्हणाल्या.

"वा! आणि मी समजत होतो, डाळिंबी माझ्या बायकोनं निवडला." साहेबांनी तिन्ही जर्सी छातीशी धरल्या. "मामा, किती जपलंत हो! नाहीतर एकेक लोक, ठेवा सांभाळता येत नाही. अशा माणसाला मी एक दिवस ठेवणार नाही."

मामांनी उघडलेलं तोंड मिटलं. निवृत्तीला दोन वर्षं होती.

शुक्रवारी भिंतीवर हातभर अक्षरांत लागलं, 'पहिल्या दिवसापासून डाळिंबी.' आणि मॅडम तो फोटो घेऊन आल्या.

"मामा, घोटाळा आहे. यात सगळे पांढऱ्यात आहेत."

"तेव्हा पांढराच होता."

"अहो हळू बोला! हा लावला तर भिंत खोटी पडेल."

"मग मला एकट्याला कापून लावा."

"तुम्हीपण पांढऱ्यातच आहात."

"मग आत्ता काढा माझा फोटो."

"आत्ताच्या फोटोखाली 'पहिल्या दिवसापासून' कसं लिहिणार? पुरावा नको?"

पुरावा होता, तो त्यांच्याच घरी कढत पाण्यात बुडाला होता, आणि गप्प बसायचं त्यांनी स्वतःच ठरवलं होतं.

शनिवारी मामी नटूनथटून आल्या, साडू आले. "नवा शर्ट का नाही घातलात?" मामींनी विचारलं. "क्लबवर राहिला बॅगेत, आता सापडत नाही," मामा म्हणाले. फोटोबद्दल सांगायचा धीर त्यांना झाला नव्हता. साडूंनी चारही भिंती चष्मा पुसून पुसून तपासल्या.

"कुठं आहात हो तुम्ही? दिसत नाही कुठं."

मामांची मान खाली गेली. तेवढ्यात मामींनी त्यांचा दंड धरला. जर्सींच्या पलीकडे काचेच्या चौथ्या पेटीत, खास दिव्याखाली, एक डागाळलेला, रंग उतरलेला शर्ट टांगला होता. दुसरं बटण काळ्या दोऱ्यानं शिवलेलं. खाली पाटी होती: 'पहिल्या सामन्यापासून टीमला साथ देणाऱ्या एका अनामिक चाहत्याचा शर्ट.'

साहेब पाहुण्यांना सांगत होते, "हा माणूस कोण, कुठला, काही माहीत नाही. आज भेटला तर मिठी मारीन मी त्याला!" मग बाजूला वळून म्हणाले, "मामा, काचेवर बोटं उठलीत. जरा पुसून घ्या."

साडूंनी पाटी दोनदा वाचली. "याला म्हणतात निष्ठा," ते मामांना म्हणाले. "शिका काहीतरी."

मामांनी खिशातलं फडकं काढलं आणि काच पुसायला लागले. मामी मागं उभ्या होत्या. डोळ्याला पदर लावून त्यांनी काचेकडे बघितलं आणि हळूच म्हणाल्या,

"अहो, जरा डावीकडे सरका. अजून थोडं. हां, आता कॉलरवर बरोबर तोंड आलं. आता दिसताय."