सुतार वजा करून

इंटरनेटवर मला काय वाट्टेल ते विचारा, खरी माहिती शोधून देणार म्हणजे देणारच! लोक दोन शब्द टाकतात आणि सगळ्यात वरची जाहिरात उघडून बसतात. आपण त्यातले नाही! म्हणूनच ऑफिसात या विषयावर सगळ्या स्टाफसमोर बोलायला साहेबांनी मला सांगितलं होतं. भाषण नीट झालं की ट्रेनिंगचं खातं माझ्याकडे. नाही झालं तर लाडोबाकडे. हा साहेबांचा लाडका, माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. हवामान बघायलासुद्धा खिडकी उघडतो!

त्या सकाळी टाय लावून बाथरूममध्ये तालीम केली. तिथे आवाज भारदस्त लागतो. तालीम फक्कड झाली, पण दार उघडेना!

कुलूप नवं होतं, गेल्या रविवारी मीच बसवलेलं. "सुताराची गरज काय?" हे खालच्या मजल्यावरच्या सुतारालाच ऐकवून बसवलेलं.

"अहो, त्यांना हाक मारू का?" बायको बाहेरून म्हणाली.

"खबरदार! फोन आहे माझ्याकडे. आत्ता शोधतो!"

शोधलं. पण जो तो शेवटी सुतारावरच येऊन थांबत होता. पान कुठलंही उघडा, 'सुताराला बोलवा'! आता नको असलेला शब्द कसा गाळायचा हे कोणी मला शिकवू नये. शब्दाच्या आधी वजाचं चिन्ह टाकायचं. मग तो शब्द ज्या पानावर असेल ते पान समोर येतच नाही. मी सुतार वजा केला.

काय सुरेख यादी आली! एका गृहस्थांनी लिहिलं होतं, फटीत टूथपेस्ट भरा. भरली. दुसरे म्हणत होते, वर गरम पाणी ओता. ओतलं. फेस झाला, वाफ झाली, चष्म्यातून दिसेनासं झालं. तिसऱ्यांचा उपाय लाथेचा होता. मारली. दार जागच्या जागी आणि मी बादलीत!

"अहो, पडलात का?"

"नाही! बसलोय!"

तेवढ्यात साहेबांचा फोन. "सगळे जमलेत. तुम्ही येताय, की तुमच्या शेजारच्याला उभं करू?"

"छे, छे! फोनवरूनच बोलतो, साहेब. स्पीकर लावा!"

आणि बादलीत बसून मी बोललो. हार कसली मानायची? "पहिलं म्हणजे जाहिरात ओळखा. दुसरं, लिहिणारा कोण आहे ते बघा." इथे मला टूथपेस्टवाले आठवले आणि जरा ठसका लागला. "आणि तिसरं, नको असलेला शब्द बिनधास्त वजा करा!"

"अहो," दारापलीकडून बायको, "तुम्ही काय वजा केलंत?"

"सुतार!"

फोनच्या त्या टोकाला कोणीतरी खुसखुसलं. जरा वेळाने बाहेर खुडबुड आणि खट्! दार उघडलं. बायकोच्या एका हातात फोन, दुसऱ्या हातात नाणं.

"कुलूप बनवणाऱ्यांच्याच पानावर दिलंय. बाहेरून मुठीला खाच असते, तिच्यात नाणं घालून फिरवायचं. आणि सगळ्यात खाली एवढीशी ओळ आहे, तरीही न उघडल्यास सुताराला बोलवा. त्या एका ओळीपायी तुम्ही अख्खं पान घालवलंत!"

मी उठायला गेलो. बादलीही माझ्याबरोबर उठली.

"पण एवढ्या पसाऱ्यात तुला बरोबर हेच कसं सापडलं?"

"त्यात काय! दार उघडायचे उपाय, वजा नवरा."

स्पीकर चालूच होता. अख्खं ऑफिस फिदीफिदी हसलं, आणि ट्रेनिंगचं खातं लाडोबाकडे गेलं.

जाऊ दे गेलं तर! हसणाऱ्यांना मी एकच विचारतो. बायकोने दार उघडलं, मान्य. पण वजा करायची पद्धत कोणाची? माझीच ना!