साडूपेक्षा मोठा फोटो

नाथाजी शेंडगे कुणावरही जळत नसत. तसं ते स्वतःच सांगत, कुणी विचारलेलं नसतानाही. जतच्या मेंढपाळ संस्थेचे ते सचिव. बी. ए. झालेले. कात्री आणि डिंकाने वार्षिक अहवाल सजवण्यात त्यांचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता. फोटो कापायचा, मागे डिंक फासायचा, कागदावर ठेवून वरून मूठ आपटायची. मग भूकंप झाला तरी तो फोटो हलायचा नाही!

पण अठ्ठ्याण्णव साली संस्थेला पंचवीस वर्षं झाली, संस्थेत कॉम्प्युटर आला आणि कॉम्प्युटरपाठोपाठ नाथाजींचा साडू आला.

साडू म्हणजे पृथ्वीराज. मेव्हणीचा, क्रांतीचा नवरा. तो सांगलीत कॉम्प्युटर क्लास चालवायचा, जीनच्या पँटमध्ये शर्ट खोचायचा आणि घरात चहाचे कप स्वतः विसळायचा. या शेवटच्या गुणाने नाथाजींच्या संसारात कायमची चूल पेटवून ठेवली होती.

"आवं, पृथ्वीराजराव कणीकसुदिक मळत्यात," त्यांच्या बायको राहीबाई म्हणायच्या.

"मग क्लास कोण शिकवतं? क्रांती?"

"तीबी शिकिवती की!"

मग नाथाजी उठून उगाचच कप विसळायला जात आणि एखादा फोडून परत येत.

त्यात संस्थेच्या मीटिंगमध्ये चेअरमन बिराप्पाअण्णांनी जाहीर करून टाकलं, "औंदा स्मरणिका कॉम्प्युटरवर करायची. मजकूर नाथाजीचा, मांडणी पाव्हण्यांची. आन् समारंभात मांडणी करणाऱ्याला भरजरी फेटा बांधायचा!"

फेटा! वीस वर्षं नाथाजींची बोटं डिंकाने एकमेकांना चिकटली होती. फेटा राहू द्या, कुणी साधा साबण दिला नव्हता. आणि हा कालचा पोरगा येतो काय, उंदीर फिरवतो काय आणि फेटा बांधून जातो काय! आता तो फेटा आपल्याच डोक्यावर, तोही साडूच्या डोळ्यांदेखत, चढला पाहिजे. नाथाजींना दुसरं काही सुचेना.

पृथ्वीराजने स्मरणिका झकास लावली. पहिल्या पानावर संपादकीय, त्यात नाथाजी आणि स्वतः अशा दोघांचे फोटो. दुसऱ्या पानावर संस्थापक कै. गुंडाआप्पांना श्रद्धांजली. तिसऱ्यावर चेअरमन, चौथ्यावर चेअरमनच्याच घरचा सोन्या नावाचा बक्षीसपात्र मेंढा, पाचव्यावर व्हाईस-चेअरमन लालासाहेब आणि मग बाकीची माणसं व मेंढरं मानाप्रमाणे. जाताना तो म्हणाला, "साडूभाऊ, मजकूर हवा तसा बदला, फोटोंना तेवढा हात लावू नका. प्रत्येक फोटो एखाद्या अक्षरासारखा त्याच्या ओळीत बसवलाय. मजकूर सरकला की फोटोही त्याच्याबरोबर सरकतो. त्याला ओळीतून काढून मोकळा सोडला, की कुठं चरायला जाईल सांगता येत नाही."

"आम्हाला मेंढरं नवी नाहीत," नाथाजी म्हणाले.

रविवारी दुपारी ऑफिसात शिपाई धुळा आणि नाथाजी दोघंच. धुळाने कॉम्प्युटरवरचा झालरीचा अभ्रा काढला. नाथाजींनी चपला बाहेर काढल्या, पडद्याला नमस्कार केला, खिशातली फूटपट्टी काढली आणि काचेवर लावली.

संशय खरा निघाला! साडूचा फोटो दोन सुतं मोठा होता.

"धुळा, तूच बघ. कोण मोठं?"

"वयानं तुमी, सायेब."

नाथाजींनी आपला फोटो कोपऱ्याला धरून ओढला. फोटो फुगला. गाल साडूच्या दीडपट झाले. नाथाजी खूश! पण फोटोखालचं नाव मात्र धक्का लागून दुसऱ्या पानावर जाऊन पडलं आणि दुसऱ्या पानावरचे गुंडाआप्पा तिसऱ्यावर. नाथाजींनी फोटो ओळीतून सोडवून मोकळा केला. आता तो हवा तिथे नेता येऊ लागला. त्यांना वाटलं, ही खरी सोय! साडूने ती मुद्दाम लपवून ठेवली असणार! त्यांनी एकेक करून सगळे फोटो मोकळे केले. फक्त साडूचा फोटो तसाच ठेवला. त्याला हात लावायचीही त्यांची इच्छा नव्हती.

मग जे सुरू झालं त्याला मेंढरांचीच उपमा पाहिजे. एक फोटो जागेवर न्यावा तर दुसरा उडी मारायचा, दुसऱ्याला धरावं तर तिसरा त्याच्या अंगावर बसायचा. चेअरमन सोन्यावर स्वार झाले. लालासाहेब मजकुराच्या मागे लपले, त्यांचा फक्त एक कान दिसत राहिला.

"लालासाहेब गावले का, सायेब?"

"गप बस!"

शेवटी नाथाजींनी रामबाण शोधला. एंटरचं बटण! फोटो वर आला की एंटर, खाली ढकलायचा तर एंटर. रिकाम्या ओळींवर रिकाम्या ओळी घालून त्यांनी प्रत्येक फोटो पानाच्या तळाशी, ज्याच्या त्याच्या नावाच्या बरोब्बर खाली नेऊन बसवला. चहापर्यंत सगळी माणसं आणि सगळी मेंढरं जागच्या जागी होती. समाधानाने नाथाजींनी साडूच्या नावाची ओळ पुसली आणि आपल्या नावाची केली: 'संपादन व संपूर्ण संगणकीय मांडणी: श्री. नाथाजी शेंडगे, बी. ए.' साडूचा फोटो मात्र राहू दिला. कोण मोठं ते लोकांना दिसायला शेजारी लहान नको?

फ्लॉपी शर्टाच्या आतल्या खिशात घालून ते स्वतः एस.टी.ने सांगलीला गेले. साडूच्या गल्लीवरून जाताना त्यांनी मान दुसरीकडे वळवली. प्रेसवाला म्हणाला, "सचिवसाहेब, प्रूफ बघून जा. तुमच्या ऑफिसातला कागद लांब असतो, आमचं पान आखूड आहे."

"मी एकेक पान डोळ्यांनी बघितलंय! छापा!"

आता कॉम्प्युटरला डिंक माहीत नाही, ओळी माहीत. लांब कागदाच्या तळाशी मुक्काम ठोकून बसलेल्या त्या रिकाम्या ओळी आखूड पानात मावेनात. त्या पुढच्या पानावर गेल्या आणि जाताना आपापला फोटो काखोटीला मारून गेल्या.

समारंभाला शामियाना भरला होता. गठ्ठा फुटला, स्मरणिका वाटल्या, आणि आधी कुजबुज, मग खसखस, मग सगळा शामियाना खदाखदा हलायला लागला.

स्टेजवर बिराप्पाअण्णांनी चौथं पान उघडलं. तिथे त्यांचा स्वतःचा कोट घातलेला फोटो होता, आणि वर छापलं होतं, 'जातिवंत, चारदाती, अंगाने भरलेला. पैदाशीसाठी चौकशी करावी.' त्यांच्या हक्काच्या तिसऱ्या पानावर 'ज्यांच्या धडाडीने संस्था आज चालते आहे' या ओळीखाली कैलासवासी गुंडाआप्पा हसत होते. लालासाहेबांच्या जागी सोन्या मेंढा होता, वर 'मितभाषी व अजातशत्रू'. लालासाहेब तो न्याहाळत राहिले आणि काहीच बोलले नाहीत. मितभाषीच ते!

"मांडणी कुणाची ही?" अण्णा गरजले.

"अण्णा, माझा फक्त मजकूर!" नाथाजी ओरडले. "मांडणी पाव्हण्यांची!"

पृथ्वीराजने शांतपणे पहिलं पान उघडून अण्णांच्या पुढे धरलं. फोटो सरकले होते, अक्षरं नव्हती. 'संपूर्ण संगणकीय मांडणी: श्री. नाथाजी शेंडगे, बी. ए.' आणि शेजारी, सगळ्या पुस्तकात आपल्या जागेवर राहिलेला एकमेव फोटो: साडूचा. हसरा.

अण्णांनी पानाकडे पाहिलं, फेट्याकडे पाहिलं. "नाव ह्याचं, तोंड पाव्हण्यांचं. आता फेटा कुणाला?"

"ज्याचं नाव, त्याला!" नाथाजी चटकन बोलून गेले. आत्ताच आपण काय म्हणालो होतो, ते फेट्यापुढे त्यांना आठवलंच नाही.

"फेटा नावाला न्हाई, डोक्याला बांधत्यात गड्या! आन् डोकं हितं पाव्हण्यांचंच दिसतंय."

टाळ्यांच्या कडकडाटात साडूला फेटा बांधला गेला. त्याला तो शोभतही होता, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट!

नाथाजी मागच्या मागे शामियान्याबाहेर पडले. दारात उमदीकडचा एक म्हातारा सभासद त्यांना बघून दोन पावलं मागे सरला. "अय्यो! आवं सचिव, तुमी हाय व्हय अजून?"

"का? काय झालं?"

म्हाताऱ्याने दुसरं पान दाखवलं. काळी चौकट, 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि तीत ओढून ओढून फुगवलेले नाथाजी शेंडगे, बी. ए.

घराकडे जाताना नाथाजी झपाझप पुढे चालत होते. राहीबाई स्मरणिका चाळत मागून येत होत्या. त्या म्हणाल्या, "आवं, एक सांगू? रागवू नगा. पर श्रद्धांजलीतला तुमचा फोटू पृथ्वीराजरावांपरास मोठा आलाय."

नाथाजी थांबले.

"किती?"

"मला काय ठावं?"

नाथाजींनी इकडे तिकडे पाहिलं आणि खिशातून फूटपट्टी काढली. "जरा सरळ धर बघू."