जोडी क्रमांक सतरा

ते साल दोन हजार नऊ. त्या वर्षी नागरी आरोग्य विभागाच्या असं लक्षात आलं, की माणसं एकेकटी व्यायाम करतात आणि म्हणून अर्ध्यात सोडतात. लक्षात आल्यावर गप्प बसेल तो विभाग कसला? परिपत्रक निघालं, की यापुढे व्यायाम जोडीने होईल. त्यात निम्मं नृत्य असेल, म्हणजे मन रमेल. निम्मं पिलाटीज असेल, म्हणजे चटईवर उताणं पडून पोट आत ओढायचं आणि पाय हवेत धरून शंभर मोजायचे, म्हणजे कणा ताठ होईल. आणि हे सगळं जोडीदाराचा हात न सोडता करायचं, म्हणजे कुणाला पळून जाता येणार नाही. हे शेवटचं परिपत्रकात लिहिलेलं नव्हतं, पण ते काढणारा माणूस संसारी असावा.

काजबाईंना या परिपत्रकाशी एरवी काही देणंघेणं नव्हतं. गणवेशाच्या कारखान्यात एकतीस वर्षं त्यांनी शर्टांना काजं केली, म्हणून काजबाई. पायाने चालवायच्या मशीनने त्यांचे दोन्ही गुडघे खाल्ले होते. सपाटीवर त्या चालत. जिना दिसला की गुडघे नकार देत. आणि त्यांची थोरली जाऊ राहत होती बिनलिफ्टच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर, बहात्तर पायऱ्या वर.

खुब्याचं हाड मोडल्यापासून थोरली खाली उतरली नव्हती. कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरच तिला ऐकू यायचं, त्यामुळे टेलिफोन निरुपयोगी. ती खिडकीतून दोरीने टोपली सोडायची, खालचा दुकानदार त्यात सामान ठेवायचा. काजबाई आठवड्यातून दोनदा खाली जाऊन उभ्या राहायच्या. त्या खालून हात हलवायच्या, थोरली वरून, आणि टोपलीतून चिठ्ठ्यांची देवाणघेवाण व्हायची. एका स्वयंपाकघरात दोघींनी बावीस वर्षं काढली होती, त्यातली वीस भांडण्यात. आता दोघींचे नवरे गेलेले. भांडायला हक्काचं असं दुसरं माणूस उरलं नव्हतं. चिठ्ठीत भांडून भांडून माणूस किती भांडणार?

सात महिने असे गेले आणि मार्चमध्ये एक चिठ्ठी आली. अक्षरं ओळ सोडून भरकटलेली. ‘निम्मी नजर गेली. उरलेलीही फार दिवसांची नाही. ती जायच्या आत तुझं तोंड एकदा जवळून बघायचंय. बघण्यासारखं काही नाही, मला ठाऊक आहे. तरी ये.’

काजबाई तिथून थेट हाडांच्या डॉक्टरकडे गेल्या.

‘ऑपरेशनशिवाय इलाज नाही,’ डॉक्टर म्हणाले. ‘पण यादीत नाव घालायचं, तर जोडी-व्यायामाच्या बारा वर्गांचं प्रमाणपत्र लागतं.’

‘अहो, गुडघे धड असते तर नाचले नसते का मी?’

‘धड असते, तर प्रमाणपत्र लागलंच नसतं,’ डॉक्टर म्हणाले. यात चूक काढायला जागा नव्हती.

आरोग्य केंद्र सपाटीवर होतं, एवढी त्याची कृपा. नोंदणीच्या खिडकीत कारकून बसला होता. त्याने काजबाईंचा अर्ज एका रकान्यापाशी बोट ठेवून परत केला.

‘जोडीदाराचं नाव राहिलंय.’

‘जोडीदार चौदा वर्षांपूर्वी गेले.’

‘परत कधी यायचेत?’

‘ते यायचे नाहीत. मीच जायची आहे. पण त्याआधी मला चौथ्या मजल्यावर जायचंय.’

कारकून दगडाच्या काळजाचा नव्हता. त्याने मृत्यूचा दाखला मागितला, नीट वाचला आणि खेदाने सांगितलं, ‘आजी, कारण अगदी सबळ आहे. पण गैरहजेरी ती गैरहजेरीच.’

मग त्यानेच नियमावली चाळून पोटनियम शोधला. जोडीदार उपलब्ध नसल्यास केंद्राने भांडारातून तात्पुरता जोडीदार पुरवावा. मात्र दोघांच्या वजनात दोन किलोहून अधिक फरक नसावा. भांडारात काय होतं? तळघरात पाणी शिरू नये म्हणून भरून ठेवलेल्या वाळूच्या पिशव्या होत्या. त्यातली एक आणली. काजबाई भरल्या बावन्न किलो, पिशवी भरली साठ. कारकुनाने स्वतःच्या हाताने नऊ किलो वाळू काढली, तोंड शिवलं आणि अर्ज पुरा केला. नाव, पिशवी. वय, तीन. व्यवसाय, पूरप्रतिबंध. जोडी क्रमांक सतरा.

‘संसाराला लागा,’ तो म्हणाला.

पहिल्या वर्गाला अठरा जोड्या होत्या. प्रशिक्षिका तरुण, सडपातळ आणि सतत प्रसन्न होती. इतकी, की बघणाऱ्याला थकवा यावा. ‘जोडीदाराच्या श्वासात आपला श्वास मिसळा,’ ती म्हणाली. काजबाईंनी पिशवीला हात लावून वाट पाहिली. मग तीन पावलं पुढे, दोन मागे आणि एक गिरकी. पिशवीला चाकांच्या फळीवर ठेवलं होतं, त्यामुळे तिची गिरकी देखणी झाली. काजबाईंची झाली नाही.

शेजारच्या चटईवर निवृत्त पोस्टमास्तर आणि त्यांची बायको होती. पोस्टमास्तर दर पावलाला बायकोच्या पायावर पाय देत आणि वर ‘मी सांगितलं होतं डावा’ असं म्हणत. पाय हवेत धरून शंभर मोजत असताना बाईंनी काजबाईंकडे मान वळवली.

‘तुमचे हे बोलतात का हो काही?’

‘नाही.’

‘मी सांगितलं होतं, असंही नाही?’

‘अजून तरी नाही.’

‘घोरतात?’

‘तेवढी वेळ आलेली नाही.’

‘नशीब काढलंत, बाई,’ पोस्टमास्तरांची बायको म्हणाली आणि त्रेसष्टपासून पुढे मोजू लागली.

चौथ्या वर्गाला गुणपत्रक लागलं. स्थैर्य, श्वासावरचा ताबा, जोडीदारावरचा विश्वास आणि लवचिकता, प्रत्येकी दहा गुण. पिशवीला चाळीसपैकी एकोणचाळीस मिळाले. एक गेला तो शिवण उसवल्यामुळे. काजबाईंना चौदा. ‘जोडीदाराकडे बघून शिका,’ असा शेरा होता. काजबाईंच्या लग्नानंतर सासूबाईंनीही नेमकं हेच सांगितलं होतं, त्यामुळे त्यांना फारसं वाईट वाटलं नाही.

पण बाकीच्या बायकांनी ते गुणपत्रक वाचलं होतं. पाचव्या वर्गाला पोस्टमास्तरांच्या बायकोने अर्ज दिला, की पती अधूनमधून अनुपलब्ध असतात, तरी पिशवी मिळावी. पोस्टमास्तर तिथेच उभे होते. कारकुनाने विचारलं, ‘तुम्ही अनुपलब्ध आहात?’ ‘एकवीस वर्षं,’ त्यांच्या वतीने बायकोने सांगितलं. अर्ज मंजूर झाला. सातव्या वर्गापर्यंत अकरा नवऱ्यांच्या जागी पिशव्या आल्या. मग नवऱ्यांना वाटलं, हा कुठला न्याय? आठव्या वर्गाला बायकांच्याही आल्या. नवव्या वर्गाला पस्तीस पिशव्या आणि एक माणूस अशी वर्गाची रचना होती, आणि विभागाच्या इतिहासात प्रथमच उपस्थिती शंभर टक्के लागली. वरून शाबासकीचं पत्र आलं. प्रशिक्षिकेने ते वर्गात वाचून दाखवलं. कुणी मध्ये बोललं नाही.

मग तिने काजबाईंना बाजूला घेतलं.

‘आजी, राग मानू नका, पण तुमच्यामुळे वर्गाची सरासरी खाली येते. तुम्हीही पिशवी का ठेवत नाही?’

‘ठेवते की. पण तिला चौथ्या मजल्यावर कुणाला भेटायचं नाही. मला आहे.’

‘वर्ग महत्त्वाचा, की तुमचं भेटणं?’

काजबाई आपल्या चटईवर गेल्या आणि उरलेले तीन वर्ग त्यांनी पुरे केले, कण्हत, दात आवळून, पस्तीस जणांच्या शांततेत. आठवड्यातून दोनदा त्या खिडकीखाली उभ्या राहतच होत्या. त्यांच्या लक्षात आलं होतं, की थोरली आता हात हलवते ती थोडी चुकीच्या दिशेला.

प्रमाणपत्र एका जोडीला एकच मिळायचं, आणि ते अधिक गुण असलेल्याच्या नावाने. त्याप्रमाणे ऑपरेशनच्या यादीत पिशवीचं नाव लागलं आणि जूनच्या दुसऱ्या सोमवारी तपासणीला बोलावणं आलं. काजबाई पिशवीला फळीवर ठेवून ढकलत घेऊन गेल्या. त्यांचा अंदाज होता, की प्रत्यक्ष बघितल्यावर तरी कुणाच्या लक्षात येईल. पण तिथे बघायची पद्धत नव्हती. एक्स-रे काढायची होती. तो काढला गेला. अहवाल आला, ‘गुडघे आढळले नाहीत. सबब गुडघ्यांची तक्रार शिल्लक नाही. व्यायामाने पूर्ण आराम. प्रकरण बंद.’

‘पण दुखतात ते माझे,’ काजबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी कागद उलटसुलट पाहिला. ‘आमच्याकडे नोंद जोडीची असते. जोडीचे दुखत नाहीत.’

‘मग आता मी काय करू?’

‘इतका चांगला गुण आलाय,’ डॉक्टर म्हणाले. ‘वर्ग सोडू नका.’

काजबाईंनी पिशवी तिथेच बाकावर बसवली आणि त्या थोरलीच्या इमारतीकडे गेल्या. पहिल्या पायरीपाशी त्या जरा वेळ उभ्या राहिल्या. मग वळल्या, पायरीवर बसल्या, मागच्या पायरीवर दोन्ही तळवे टेकले आणि अंग वर उचललं. एक. पुन्हा. दोन. लहान मूल जिना उतरतं, तशा त्या उलट्या चढत होत्या. दुसऱ्या मजल्यावर एक बाई त्यांना ओलांडून गेली, ‘सांभाळून हं’ म्हणाली. बहात्तर पायऱ्यांना एक तास आणि चाळीस मिनिटं लागली.

थोरलीला दार वाजलेलं ऐकू यायचं नाही, म्हणून तिने कडी लावणंच सोडलं होतं. काजबाई भिंतीला धरून आत गेल्या. थोरलीने त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला, खिडकीच्या उजेडाकडे फिरवला, नाकाला नाक लागेल इतका जवळ आणला आणि पुष्कळ वेळ पाहिला.

‘म्हातारी झालीस,’ ती म्हणाली. ‘इतके महिने करत काय होतीस?’

‘नाचत होते,’ काजबाई तिच्या कानाशी ओरडल्या.

‘तुला पहिल्यापासूनच कामाचा कंटाळा,’ थोरली म्हणाली, आणि दहा महिन्यांचं साचलेलं भांडण सुरू झालं.

पुढे सगळ्यांचं बरं झालं. शस्त्रक्रियेविना दोनशे बारा गुडघे बरे केल्याबद्दल हाडांच्या डॉक्टरांचा सत्कार झाला. प्रशिक्षिकेने स्वतःचं केंद्र काढलं. तिथे माणसांना प्रवेश आहे, पण सल्ला तसा दिला जात नाही. कारकुनाला बढती मिळाली. पोस्टमास्तर आणि त्यांची बायको पिशव्यांना वर्गात सोडून केंद्रामागच्या बाकावर चहा पीत बसायचे आणि तिथे एकमेकांशी बोलू लागले. त्या वर्गाने जवळ आणलेली ती एकमेव जोडी. पोस्टमास्तर गेले तेव्हा बाईंनी त्यांची पिशवी काढली नाही. हजेरी अजून लागते. दोन वर्षांनी तळघरात पाणी शिरलं, पण पिशव्या आता नोंदणीकृत नागरिक होत्या. त्यांना पाण्यात उतरवायला लेखी संमती लागणार होती, ती कुणाची वेळेवर आली नाही.

थोरलीची नजर पुढच्या जानेवारीत गेली. काजबाई चढल्या त्या उतरल्याच नाहीत. टोपली दोघींसाठी खाली जाऊ लागली आणि दोघी मनसोक्त नऊ वर्षं भांडल्या.

थोरली गेली त्या दिवशी तिचा मुलगा आला, दोन चुलत पुतणे आले, सुना आल्या, भाची आली. सगळे याच शहरातले. बहात्तर पायऱ्या ते दोन मिनिटांत चढले, मध्ये कुणी कठडाही धरला नाही. मोठ्या पुतण्याने दारातच मनगटावरचं, रोजचा व्यायाम मोजणारं घड्याळ पाहिलं आणि हळू आवाजात बायकोला सांगितलं, की चला, आजच्या पायऱ्या तरी पुऱ्या झाल्या. कोपऱ्यात बसलेल्या काजबाईंनी ते ऐकलं. त्यांनी त्याला जवळ बोलावलं आणि मायेने विचारलं, तेच वाचणाऱ्यालाही विचारायला हरकत नाही.

‘तुझे गुडघे कसे आहेत रे?’