टिटवीने पत्र छापून घेतलं

एका जंगलात, बाळांनो, सगळं काही होतं. झाडं होती, पाणवठा होता, सिंहराजा होता. चांगल्या जंगलात असावं तेवढं सगळं. वर वणवा निवारण खातंही होतं. वणवा वर्षातून एकदा यायचा. खातं बारा महिने असायचं.

त्या खात्यात एक टिटवी कामाला होती. काम साधं. माळावर फिरायचं, गवत किती वाळलंय ते बघायचं आणि धोका दिसला की ओरडायचं.

पण टिटवीचं ओरडणं कुणाला गोड लागतं, सांगा बरं? तिने तोंड उघडलं की हरणी पाडसाला पोटाशी घ्यायची. म्हणायची, "सुरू झाली मेली अवदसा! आता काय वाईट घडवतेय कोण जाणे." वणवा यायचा डोंगरापलीकडून. नाव व्हायचं टिटवीचं.

एका फाल्गुनात गवत फारच वाळलं. पूर्वेच्या माळावर पाऊल टाकलं की पापड मोडल्यासारखा आवाज यायचा. आणि त्याच माळावर, खड्यांमधल्या एका खळगीत, टिटवीची चार अंडी होती. टिटवीचं घरटं ते तेवढंच. उचलून दुसरीकडे नेता येत नाही.

उपाय होता. माळाच्या कडेने गवताचा एक पट्टा चरून मोकळा केला की आग तिथे येऊन थांबते. हरणं, ससे, नीलगाई मिळून लागले तर अर्ध्या दिवसाचं काम. फक्त अमावास्येच्या आत व्हायला हवं. अमावास्या झाली की पलीकडचे लोक डोंगर पेटवतात.

"मग ओरडून सांग की," अंड्यांवर बसलेला टिटवा म्हणाला.

"नको हो. ओरडले की शिव्या खाते. या खेपेला छापून पाठवणार. घरोघर पत्र. छापलेल्याला कुणी अपशकुनी म्हणत नाही."

"बघ बाई. पंधरा दिवस आहेत. अंडी काही प्रेसवर अवलंबून नाहीत, ती त्यांच्या वेळेला फुटणार."

जंगलात छापखाना एकच. तरसशेटचा. दारावर पाटी होती, 'छपाई ते टपाल, सगळं एकाच गुहेत.' तरसशेट फार गोड. कशालाही हसायचे.

"या ताई, या! काय छापायचं?"

"एकच ओळ आहे, शेट. 'पूर्वेच्या माळाकडेचं गवत अमावास्येच्या आत सगळ्यांनी मिळून चरून टाका.' तीनशे प्रती द्या."

"तीनशे?" तरसशेट पोट धरून हसले. "तीनशेला आमचं मशीन जांभईसुद्धा देत नाही, ताई. निदान पाच हजार."

"पण जंगलात घरंच तीनशे आहेत!"

"तुम्ही घरांचं बघता, आम्हाला मशीनचं बघावं लागतं. बरं, पत्त्यांची यादी?"

टिटवीने खात्यातली यादी दिली. यादी तिच्या आजाच्या वेळची. पहिलंच नाव एका चितळिणीचं.

"अगबाई, हिला तर राजेसाहेबांनी खाल्लं," टिटवी म्हणाली. "चार वर्षं झाली."

"यादीत आहे ना? मग पत्र जाणार. आमच्याकडे कुणाला वगळत नाहीत."

तिसऱ्या दिवशी प्रूफ आलं. प्रूफ म्हणजे नमुना, बाळांनो. तो साहेबांनी पास केल्याशिवाय मशीन फिरत नाही. टिटवी तो चोचीत धरून खात्याच्या साहेबांकडे गेली. साहेब म्हणजे गवा. चिखलात बसून विचार करणं हे त्यांचं काम. ते मन लावून करायचे.

"छान आहे," गवासाहेब म्हणाले. "पण राजेसाहेबांचा फोटो नाही."

"साहेब, गवत चरायचं सांगतोय. राजेसाहेब गवत खात नाहीत."

"म्हणूनच फोटो पाहिजे. नाहीतर लोकांना वाटेल, राजाला गवताची काळजी नाही."

सहाव्या दिवशी दुसरं प्रूफ आलं. फोटो मोठा होता. साहेबांनी तो एका डोळ्याने बघितला, मग दुसऱ्याने.

"आयाळ पिवळी दिसते. राजाला कावीळ झाल्यासारखी. सोनेरी पाहिजे."

"साहेब, दिवस जातायत."

"दिवस जाणारच. आयाळ राहणार."

मग सोनेरीची वारी सुरू झाली. एकदा तांबूस आली, एकदा तपकिरी, एकदा तर हिरवट. दर वेळी तरसशेट हसत म्हणायचे, "मशीनवर रंग जरा वेगळा उतरतो, ताई." दर वेळी टिटवी उडत जायची, उडत यायची. वाटेत माळावर उतरून अंडी बघायची. गवत आता चोच लावली तरी तुटत होतं.

बाराव्या दिवशी सोनेरी जमलं. गवासाहेब खुश झाले. टिटवीने पत्र उलटंसुलटं करून बघितलं.

"शेट, आपली ओळ कुठाय?"

"आहे की. मागच्या बाजूला, खाली कोपऱ्यात. आयाळ पसरली ना, मग ओळीला जरा सरकावं लागलं. भिंग लावलं की स्वच्छ दिसते."

"भिंग कुणाकडे आहे जंगलात?"

"ते आमच्याकडे नाही. पण सांगत असाल तर पुन्हा जुळवतो. चार दिवस जास्त."

चार दिवस नव्हतेच. 'मजकूर तपासला, बरोबर आहे' असं लिहिलं होतं, त्याखाली टिटवीने पायाचा ठसा उमटवला. तरसशेटनी तो जपून ठेवला. ठसा उमटला की पुढचं सगळं गिऱ्हाइकाचं असतं. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ते प्रूफात नव्हतं.

तेराव्या दिवशी तरसशेट म्हणाले, शाई वाळतेय. चौदाव्या दिवशी म्हणाले, घड्या घालणं चाललंय.

चौदाव्या दिवशी सकाळी टिटवी माळावरच्या धोंड्यावर उभी राहिली. नको होतं ते तिने केलं. छाती फुटेस्तोवर ओरडली. "गवत चरा! पट्टा मोकळा करा! उद्या अमावास्या!"

"आलीच का ही!" हरणी म्हणाली. पण पाडसाला घेऊन आली. ससे आले, नीलगाई आल्या. शिव्या देत देत चरायला लागले. तोंडात गवत असलं की शिव्या कमी होतात. दुपारपर्यंत पट्टा तळहातासारखा स्वच्छ.

टिटवी धावत छापखान्यात गेली. "शेट, थांबवा! काम झालं. पत्रं नकोत आता."

तरसशेट इतके हसले, की डोळ्यांतून पाणी आलं. "पास केलेलं काम कधी थांबतं का, ताई? पायाचा ठसा आहे तुमचा."

दुसऱ्या दिवशी तरसशेटची टपालवाली वानरं पत्रांचे गठ्ठे घेऊन निघाली. यादीत लिहिलेलं, 'पळसामागचं तिसरं झुडूप.' पळस कधीच पडला होता. झुडूप म्हशींनी खाल्लं होतं. चितळिणीचं पत्र कुठे द्यायचं ते राजेसाहेबांना विचारायची कुणाची हिंमत झाली नाही. संध्याकाळपर्यंत वानरं दमली. उरलेले गठ्ठे ठेवायला त्यांनी स्वच्छ जागा शोधली. अख्ख्या जंगलात स्वच्छ जागा एकच होती. माळाच्या कडेचा नुकता चरलेला पट्टा. तिथे त्यांनी गठ्ठे ओळीने रचले, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

सकाळी टिटवीने ते बघितलं. ती गवासाहेबांकडे उडाली.

"साहेब, ते कागद हलवा आधी!"

"राजेसाहेबांचा फोटो आहे त्यावर. असं कसं हलवता येईल? लेखी हुकूम लागतो."

"मग द्या लिहून."

"लिहून नाही चालत. छापून घे. दोन ओळींचं काम आहे, तरसशेट पटकन करतील."

त्याच दिवशी दुपारी डोंगर पेटला.

वणवा खाली आला आणि पट्ट्यापाशी आला. तिथे तो थांबायला हवा होता. पण तिथे उत्तम प्रतीचा, कोरडा, घड्या घातलेला कागद होता. वणवा त्यावरून चालत आला, पायघड्यांवरून पाहुणा यावा तसा.

त्या दिवशी सकाळीच तीन अंडी फुटली होती. टिटवीची पिल्लं जन्मताच चालतात, हे एक बरं असतं. टिटवा त्यांना घेऊन नदीच्या वाळूकडे पळाला. चौथ्या अंड्यातून आत टकटक होत होती. टिटवी शेवटपर्यंत त्याच्यावर बसून होती. "ये रे, लवकर ये," म्हणत होती. मग पंखांना धग लागली, आणि तिला उडावं लागलं.

आग विझल्यावर खात्याची बैठक भरली. तरसशेटनी अहवाल वाचला. वणव्याच्या वाऱ्याने अर्धवट जळलेली पत्रं सगळ्या जंगलभर उडाली होती. प्रत्येक बिळाच्या, प्रत्येक जाळीच्या तोंडाशी एकेक तरी पडलं होतं. "पत्रं घरोघर पोचली," तरसशेट म्हणाले. "तीनशेपैकी तीनशे. असं काम आजवर झालं नव्हतं." गवासाहेबांनी मान डोलावली. पुढच्या वर्षी दहा हजार छापायचं ठरलं.

"तुला मिळालं ना गं?" साहेबांनी टिटवीला विचारलं.

टिटवीने मान हलवली. तिलाही मिळालं होतं. रिकाम्या खळगीत, राखेवर एक तुकडा येऊन पडला होता. ओळ जळाली होती. आयाळ शाबूत होती. रंग अगदी हवा तसा सोनेरी उतरला होता.

बैठकीतून जाताना हरणी शेजारणीला म्हणाली, "तरी मी म्हणत होते. परवा ओरडली होती ना ही अवदसा?"

तात्पर्य : बाळांनो, आग दिसली तर ओरडू नका, पाणी आणू नका, गवतही चरू नका. आधी रंग पास करून घ्या. घर जळालं तरी चालतं, पत्र पोचलं पाहिजे.