पुलीवरचा शेंदूर

पुलीवरचा गंज गेला की नाही, हे सुकलाल मिस्तरी गाल लावून पाहत. डोळ्यांवर त्यांचा विश्वास नव्हता, बोटांवर तर मुळीच नाही. "बोट खोटं बोलस भाऊ, गाल नही," म्हणायचे. बहुधा गंज पुरता गेलेला नसेच. त्यामुळे दसऱ्याच्या सुमारास नंदुरबारच्या आमच्या कापसाच्या जिनात हा माणूस एकच गाल तांबडा घेऊन हिंडे.

मी तिथे कपाशीच्या काट्यावर कारकून होतो. पावसाळाभर जिन बंद. तेवढ्यात इंजिनाच्या पुल्या गंजून जात. नवे चामडी पट्टे चढवण्याआधी मिस्तरी विटेचा तुकडा, घासलेट आणि काचकागद घेऊन बसत आणि पुली घासता घासता तिला कधी दटावत, कधी चुचकारत. एवढे लाड त्यांनी स्वतःचे कधी केले नसतील.

भित्रे मात्र अव्वल नंबरचे! पाल दिसली की ताटावरून उठत. तापीला पूर आल्याचं कळलं की इकडे नंदुरबारात खाटेवर चढून बसत. "भ्यावं भाऊ, भ्यावं. जो भ्याना तो वाचना." आम्ही हसत असू. पण ते पट्ट्याचं बोलू लागले की माझं हसू आटे. सुटलेला पट्टा माणसाला कसा सोलून काढतो, ते त्यांनी तरुणपणी पाहिलं होतं. सांगताना त्यांचा आवाज चिरके, आणि मी आपला स्टूल हळूच दाराकडे सरकवी.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा असे. मिस्तरींची ताकीद ठरलेली, "शेंदूर आरासले लावा, पुलीनी पाठले नको." आऱ्यांना काही लावा, बिघडत नाही; पण पट्टा फिरतो तो पुलीच्या पाठीवरून, तिथे तेल लागलं की तो घसरणारच. एका वर्षी मिस्तरी तापाने घरी पडून होते. नव्या मुकादमाने भक्तिभावाने पुलीची अख्खी पाठ तेलात कालवलेल्या शेंदराने माखली आणि वर नवा पट्टाही चढवला.

दसऱ्याला जिन सुरू करायचा मुहूर्त. सकाळी मिस्तरी आले, त्यांनी ते पाहिलं आणि भिंतीला टेकले. मग चिंधी घेऊन पुढे झाले, तर जिनाचे शेठ कडाडले, "चढाडेल शेंदूर कोनी पुसस का? मुहूर्त टळी जाई!"

"पट्टा उडी जाई, शेठ! बाया बठेल शेतस!"

खरंच, पट्ट्याच्या अगदी समोर, सरकी काढायच्या रेच्यांवर बाया बसल्या होत्या. टोकाला धडगावकडून आलेली जामनी. तिची तान्ही पोर शेजारच्या खांबाला झोळीत. मिस्तरी ओरडले, "उठा वं, बाहेर निंघा!" बाया फिदीफिदी हसल्या. पालीला भिणाऱ्याचं ऐकतो कोण? मी आपला दाराकडे सरकलो. मुकादमाने इंजिनाला हात घातला.

तेव्हा मिस्तरींनी झोळीतली पोर उचलली आणि पळत सुटले!

"मन्ही पोर! मन्ही पोर लई गया!" जामनी मागे, आणि शिव्या घालत बाकीच्या बाया तिच्या मागे. मीही सुटलोच. शेवटची बाई उंबरा ओलांडते न ओलांडते तोच आत फाडकन आवाज झाला. पट्टा उडाला होता. जामनीच्या बसायच्या पाटाचे तुकडे झाले होते आणि रिकामी झोळी तुटून खाली पडली होती.

शेठच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मिस्तरी अंगणात कपाशीच्या ढिगाला टेकून बसले होते, पोरीला छातीशी धरून. ती त्यांच्या मिशा ओढत होती. जामनीने हात पुढे केले. मिस्तरींनी पोर दिली नाही.

"थोडा येळ ऱ्हाऊ दे ना माय," ते म्हणाले. "मन्हा घर कोनीच नही."

मिस्तरी एकटे राहतात हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. पण ते त्यांना टोचत असेल, असं कधी मनात आलं नव्हतं.

जामनीने हात मागे घेतले आणि ती त्यांच्या शेजारी मातीत बसली.