संबंधित पायांसह वैध

वाहतूक सुरळीतता विभागाच्या उपसंचालक मॅडमना गाडी चालवता येत नव्हती, यात आक्षेपार्ह असं काहीच नव्हतं. त्या विभागात ती कुणालाच येत नव्हती. रस्त्यांची पाहणी मागच्या सीटवर बसूनच नीट होते असा तिथला जुना समज होता, आणि मॅडमनी तो नोकरीभर इमानेइतबारे पाळला होता. गतिरोधक आला की त्या "हं" म्हणत. शेजारचा हेडक्लार्क ते "हं" टिपून घेई, कचेरीत त्याचं पानभर टिपण होई आणि मॅडम त्याखाली सही करत. उंटावरून शेळ्या हाकायच्या तर उंट मऊ चालीचा हवा, आणि तसा उंट सरकारने त्यांना ड्रायव्हरसकट दिला होता.

तो ड्रायव्हर निवृत्त झाला. मॅडमनी त्याच्या निरोपाला हेडक्लार्कने लिहिलेलं भाषण वाचलं, सगळ्यांचे डोळे पाणावले, आणि दुसऱ्याच दिवशी परिपत्रक आलं: ड्रायव्हर हा संवर्ग मृत घोषित करण्यात येत आहे. निवृत्त ड्रायव्हर तेव्हा विसरलेली छत्री न्यायला आला होता. त्याने सूचनाफलकावर स्वतःच्या मरणाची बातमी उभ्याउभ्या वाचली आणि छत्री घेऊन तो घरी गेला.

यापुढे प्रत्येक अधिकाऱ्याने आपलं वाहन स्वतः, आणि तेही धक्कारहित, चालवायचं होतं. धक्कारहित म्हणजे काय, याबद्दल कुणी हुज्जत घालू नये म्हणून व्याख्याही दिली होती. डॅशबोर्डवर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला ठेवावा. पाणी सांडल्यास धक्का बसला असे समजण्यात येईल. महिनाअखेर या परीक्षेत जो उतरणार नाही त्याची गाडी जाणार होती आणि त्याची बदली अभिलेख कक्षात होणार होती. अभिलेख कक्ष तळघरात होता. तिथे गेलेली माणसं सुरुवातीला डबा खायला वर येत, पुढेपुढे तेवढ्यालाही येत नसत.

"मॅडम, तुमच्या वतीने मी शिकू का?" हेडक्लार्कने मनापासून विचारलं.

"चालेल का तसं?"

"पाहिलं मी. नियमात बसत नाही," तो खिन्नपणे म्हणाला.

घरी ही हकिकत सांगितल्यावर लेक हसली. "म्हणजे आई, आता तुला एक तरी गोष्ट स्वतः करावी लागणार."

ती गमतीने म्हणाली होती, पण मॅडमच्या ते जिव्हारी लागलं. त्यांनी मनाशी हिशेब मांडून पाहिला. भाषणं हेडक्लार्कची. स्वयंपाक स्वयंपाकीणबाईंचा. लेकीच्या शाळेतले नकाशेसुद्धा विभागाच्या आरेखकाने काढून दिलेले. स्वतःची म्हणावी अशी एक सही होती, तिचाही आता रबरी शिक्का झाला होता. जन्मभर आपण दुसऱ्याच्या ओंजळीनेच पाणी पीत आलो, या विचाराने त्यांना फार वाईट वाटलं. त्यांनी ठरवलं की गाडी शिकायची, आणि खरोखरच शिकायची.

"आपल्याच गाडीवर शिकते," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"नको. इंजिन बसेल," नवरा घाईघाईने म्हणाला.

त्यांच्या अंगणात एक गाडी होती, आच्छादन घातलेली. दर रविवारी नवरा आच्छादन काढी, गाडी सुरू करी, डोळे मिटून इंजिनाचा आवाज ऐके, बंद करी आणि पुन्हा आच्छादन घाली. परवाना त्याच्याकडे कॉलेजात असल्यापासून होता. "बाहेर रहदारी फार झालीय," एवढंच तो वर्षानुवर्षं म्हणत आला होता, आणि ज्या खात्याने ती रहदारी सुरळीत करायची त्याच्या उपसंचालक समोरच बसलेल्या असल्याने त्यावर कुणी काही बोलत नसे.

गावात मोटार शिकवणारे मास्तर एकच होते. अंगाने भरलेले, स्वभावाने शांत, दातात कायम काडी. त्यांच्या गाडीत डावीकडच्या सीटपुढेही क्लच, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर होते. मॅडमनी स्टिअरिंग धरलं, मास्तरांनी डॅशबोर्डवर पेला ठेवला.

"क्लच पूर्ण दाबा. पहिला गिअर टाका. आता क्लच हळूहळू सोडा. गाडी थरथरली की पाय तिथेच ठेवा आणि थोडी रेस द्या."

मॅडमनी क्लच सोडला तो सही झालेली फाइल सोडतात तसा, एकदम. गाडीने बेडकासारखी उडी मारली, पेला मॅडमच्या मांडीवर आला आणि इंजिन बंद पडलं. भर चौकात असं तीनदा झालं. मागे हॉर्नचा असा गजर उठला की मॅडमना क्षणभर सुरळीतता विभागावर टीका करणारे लोक बरोबर असावेत असं वाटलं.

आठवड्याने मात्र चमत्कार झाला. गाडी लोण्यातून सुरी जावी तशी निघाली, चढावर थांबून पुन्हा चढली, आणि पेल्यातलं पाणी हललंसुद्धा नाही. मॅडम हरखून गेल्या. त्या कचेरीत उगाचच सगळ्यांशी गोड बोलल्या. कौतुक करायला त्यांनी नवऱ्याला आणि लेकीला मास्तरांच्या गाडीत मागे बसवून गावातून फेरी मारली. नवरा "वा, वा" म्हणत होता. लेक पुढे वाकून खाली काहीतरी बघत होती.

घरी आल्यावर ती म्हणाली, "आई, रागावू नकोस. स्टिअरिंग तू फिरवत होतीस, पण पाय मास्तरांचे चालत होते."

"काहीतरीच काय. तुला कसं कळलं?"

"माझाही परवाना त्यांच्याकडूनच काढलाय ना. मिळाल्यावर मैत्रिणीची गाडी घेऊन एकटी निघाले ती फाटकाच्या खांबावर. तेव्हा कळलं."

मॅडमनी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा खिडकीतून आच्छादन घातलेल्या गाडीकडे पाहू लागला, आणि इतक्या वर्षांच्या रविवारांचा उलगडा मॅडमना एका क्षणात झाला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मास्तरांना पाय मांडीखाली घ्यायला लावले. गाडीने उडी मारली, पेला मांडीवर आला.

"बघा," मास्तर काडी बाजूला करून म्हणाले. "मी पाय काढले की असं होतं. मागे हॉर्न वाजतात, लोक घाबरतात, मलाच राहवत नाही. अख्खं गाव असंच पास केलंय मी. परीक्षेतही शेजारी मीच असतो. तुम्ही निर्धास्त राहा."

महिनाअखेर चार दिवसांवर आली होती आणि तळघराचा कुबट वास मॅडमना आत्तापासूनच येऊ लागला होता. खरोखर शिकायचं हा निश्चय त्यांनी तूर्तास पुढे ढकलला. फायली ढकलायची सवय असल्यामुळे ते फारसं अवघड गेलं नाही.

परीक्षेला निरीक्षक मागे बसला. गाडी गावभर फिरून आली, पेला भरलेला तो भरलेला. निरीक्षकाने "पास" म्हटलं आणि उतरताना त्याची नजर सहज खाली गेली. मॅडम सीटवर मांडी घालून बसल्या होत्या.

"मॅडम, तुमचे पाय?"

"सवय आहे मला. मागच्या सीटवर मी अशीच बसते," मॅडम ओशाळून म्हणाल्या.

निरीक्षक सचोटीचा माणूस होता. जे पाहिलं ते न लिहिणं त्याच्या स्वभावात नव्हतं, आणि उपसंचालकांना नापास करणंही नव्हतं. त्याने नियम चाळले. गाडी उमेदवाराने चालवावी असं त्यात होतं. कुणाच्या पायांनी, याबद्दल नियम मौन बाळगून होते. तेव्हा मॅडमना परवाना मिळाला आणि त्यावर शेरा पडला: 'संबंधित पायांसह वैध.'

म्हणजे जिथे मॅडम, तिथे मास्तर. ते कचेरीत हजर झाले, सरकारी गाडीत डावीकडे जादा पेडलं बसली आणि वित्त शाखेने हरकत घेतली: सदर व्यक्ती ही ड्रायव्हर नव्हे काय? हेडक्लार्कने रात्रंदिवस खपून उत्तर तयार केलं. "ड्रायव्हर संवर्ग मृत आहे. मृतास क्लच दाबता येत नाही. ज्याअर्थी क्लच दाबला जात आहे, त्याअर्थी दाबणारा ड्रायव्हर नाही." वित्त शाखेने हरकत मागे घेतली आणि मास्तर क्लच समन्वयक झाले.

पण वित्त शाखा पराभव विसरणारी नव्हती. कोणतीही गोष्ट थांबवण्याचा अधिकार मुळात आपला, सबब ब्रेक आपल्या अखत्यारीत येतो, असं तिने कळवलं आणि आपला ब्रेक समन्वयक धाडला. ते पाहून नियोजन शाखेने प्रगतीचं पेडल म्हणून ॲक्सिलरेटर मागून घेतला. गिअरचा प्रश्न उरला होता. पहिल्यातून दुसऱ्यात पाठवणं हा बढतीचा विषय असल्याचं आस्थापना शाखेने दाखवून दिलं. डाव्या सीटवर मास्तर, त्यांच्या पायाशी उकिडवे दोघे, आणि मागून हात लांबवून गिअर धरलेला चौथा, अशी गाडी सज्ज झाली. मॅडमकडे स्टिअरिंग निर्विवाद होतं.

नियोजनवाला जोर लावी, वित्तवाला त्याहून जोराने दाबून धरी. मास्तर क्लच सोडायला आस्थापनेची लेखी संमती मागत आणि आस्थापना विचारी की गाडी आधी निघाल्याशिवाय बढती द्यायची कशी. गाडी जागच्या जागी डरकाळ्या फोडी आणि संध्याकाळी बंद होई. मॅडम गतिरोधकांचे फोटो मागवून त्यांच्याकडे बघून "हं" म्हणू लागल्या. एकदा संचालकसाहेब मुद्दाम खाली येऊन पेला निरखून गेले.

"एक थेंब नाही," ते भारावून म्हणाले. "मॅडम, तुम्ही आदर्श घालून दिलात."

महिन्याभरात प्रत्येक अधिकाऱ्याच्या गाडीत चार समन्वयक बसले. एकही गाडी हलली नाही, एकही पेला सांडला नाही. खात्याने धक्कारहित पुरस्कार जाहीर केले आणि यादीत पहिलं नाव मॅडमचं होतं.

त्या दिवशी घरी आल्यावर मॅडमनी पुरस्काराची बातमी कुणालाच सांगितली नाही. त्या अंगणात गेल्या आणि आच्छादन ओढून काढलं. नवरा "अगं, अगं" करत मागे आला.

"किल्ली द्या," त्या म्हणाल्या. "आणि तुम्हीही बसा. लेकीला बोलवा. तिघांनी मिळून शिकायचं. शेजारी बसेल त्याने पाय मांडीखाली घ्यायचे."

गावाबाहेरच्या मैदानावर ती गाडी रोज सकाळी उड्या मारू लागली. इंजिन बंद पडे, नवऱ्याचं डोकं छताला आपटे, लेक हसून लोळे. पण एके सकाळी क्लच सोडता सोडता गाडी थरथरली, आणि मॅडमनी पाय तिथेच ठेवला. थोडी रेस दिली. गाडी निघाली. धडधडत निघाली, पण त्यांच्या पायांनी निघाली. मैदानाच्या टोकाला जाऊन मॅडम रडल्या, आणि रडताना क्लच सुटल्यामुळे गाडी पुन्हा बंद पडली.

पुरस्कारविजेत्यांनी आपापली गाडी चालवत समारंभाला यावं, असं निमंत्रणात होतं. त्या दिवशी ब्रेक समन्वयक रजेवर होता. आता गाडी हलवायची कुणाच्या परवानगीने, यावर उरलेल्या तिघांची चर्चा सुरू झाली. मॅडमनी ती थोडा वेळ ऐकली.

"उतरा," त्या म्हणाल्या.

"मॅडम, क्लच..."

"मास्तर, उतरा म्हणते ना."

चढ, वळणं, भर चौक, सगळं पार करून त्या एकट्या समारंभाच्या मैदानात पोहोचल्या. तिथे दुसरी एकही गाडी नव्हती. बाकीचे विजेते आपापल्या कचेरीसमोर भरलेल्या पेल्यांसह गाडीत बसून होते आणि शिपाई त्यांचे पुरस्कार पायी पोचवायला निघाले होते. संचालकसाहेब लगबगीने मॅडमच्या गाडीशी आले आणि आत डोकावले. पेला अर्धा रिकामा होता.

"पाणी सांडलंय," ते म्हणाले. मंडपातल्या सगळ्यांनी माना लांब करून पाहिलं. गाडी आली आहे, असं कुणी म्हणालं नाही.

दोषारोपपत्र त्याच आठवड्यात मिळालं. एक, पाणी सांडणे. दोन, नोंद नसलेल्या, म्हणजेच स्वतःच्या, पायांचा अनधिकृत वापर. मॅडमनी उत्तर स्वतःच्या हाताने लिहिलं: "होय, माझेच होते." हेडक्लार्कने ते वाचलं आणि एवढ्या लहान उत्तराने कुणाचं भागणार, म्हणून डोक्याला हात लावला. त्यांची बदली तळघरात झाली. तिथे खरंच कुबट वास आहे, आणि डबा खायला त्या रोज वर येतात.

संध्याकाळी त्या घरच्या गाडीने परततात. चौकात सिग्नल सुटला की ती जुनी गाडी अजूनही कधीतरी एक उडी मारते, थांबते, थरथरते आणि मग निघते. तेवढ्या वेळात मागे हॉर्न सुरू होतात. त्यातला एक तुमचा असतो. वाजवा, हरकत नाही. फक्त एकदा आपल्या गाडीत डावीकडच्या सीटवर कोण बसलंय ते बघा, आणि आपली मांडी जरा सोडून बघा. तुमच्या गाडीत तुम्ही स्वतः करता ते काम म्हणजे तेवढा तो हॉर्न वाजवणं.