कोकम बंदरात अडकलं

अमेरिकेच्या आयात नियमांना कोकणातल्या छोट्या उद्योगांनी मुळीच घाबरू नये, असं हेमचंद्रकाकांनी तिथल्याच कॅरी शहरातल्या मराठी मंडळात जाहीर करून टाकलं. ते होते ना! फार्मा कंपनीत जन्मभर नियमांशी झोंबलेला माणूस रिटायर झाल्यावर नुसता लॉन कापत थोडाच बसणार? सल्ला फुकट, वर चहा.

पहिली अशील मिळाली कुडाळजवळची शुभा. गावातल्या बायकांना घेऊन ती कोकम सरबत करायची. अमेरिकेतल्या अर्विंग शहरातल्या एका ग्रोसरीवाल्याने उन्हाळ्यासाठी ऑर्डर दिली, काकांनी कागदपत्रं केली, बाटल्या जहाजात चढल्या, आणि अमेरिकेच्या बंदरात येऊन अडकल्या. "हा पदार्थ नक्की काय आहे?" असं अधिकाऱ्यांनी विचारलं होतं.

"काका, माल परत आला तर पुढच्या हंगामात बायका माझ्या दारात उभ्या राहायच्या नाहीत," शुभा फोनवर म्हणाली.

"एका कॉलमध्ये सोडवतो. तू फक्त बघ."

माल सोडवण्याचं काम पॅटी नावाच्या कस्टम ब्रोकर बाईंकडे होतं. त्यांच्यासोबत व्हिडिओ कॉल ठरला. कुडाळहून शुभाही कॉलवर आली. काका किचनच्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून टाय लावून उभे राहिले. बायको सुचित्रा कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी बाजूला भाजी निवडत बसली.

"एका वाक्यात सांगा, हे कशासाठी वापरतात?" पॅटीने विचारलं.

एका वाक्यात! काकांना तर प्रस्तावनाच तेवढी लागायची. त्यांनी कोकमाने पित्त कसं जातं इथून सुरुवात केली.

पॅटी लिहिता लिहिता थांबली. "म्हणजे औषध? मग नियम वेगळे. पुन्हा पहिल्यापासून सगळं."

काकांना घाम फुटला. "छे छे, औषध नाही! आमच्याकडे तर कोकमाचं तेल टाचांच्या भेगांनासुद्धा लावतात."

"म्हणजे सौंदर्यप्रसाधन?"

शुभाने स्क्रीनवर डोळे मिटून घेतले. सुचित्राने हातातली गवार खाली ठेवली.

"अहो, सरबत म्हणा ना," ती कुजबुजली.

"थांब गं, मी कव्हर करतोय." काका आता पूर्ण रंगात आले होते. "बेसिकली, हे फळ मल्टिपर्पज आहे. मी तुम्हाला आमसुलंच दाखवतो."

आणि ते फ्रीजकडे वळले. त्यांचं डोकं फ्रीजमध्ये गेलेलं पाहून सुचित्राने हात लांब करून त्यांचा माइक बंद केला आणि चॅटमध्ये टाइप केलं: हे सरबत आहे. पाण्यात घालून पितात.

काका आमसुलांची बरणी घेऊन परतले आणि मोठ्या तळमळीने सोलकढीपर्यंत पोचले. हातवारे तर असे, की जणू विमान उतरवत होते. शुभा ओठ घट्ट मिटून गंभीर बसली होती. पॅटीने चॅट वाचलं आणि तिचा चेहरा खुलला.

"धन्यवाद, सर. अगदी स्पष्ट झालं. मला एवढंच हवं होतं. आजच कळवते."

माल सुटला. शुभाचा फोन आला तेव्हा तिच्यामागे बायकांचा इतका गलका होता, की ती काय बोलतेय तेच कळेना. शेवटी ती रडत-हसत एवढंच म्हणाली, "काकूंना फोन द्या." सुचित्रा फोन घेऊन बॅकयार्डमध्ये गेली आणि बराच वेळ तिथून दोघींचं हसणं ऐकू येत राहिलं.

काका सोफ्यावर टेकले. टाय सैल केला, पाय लांब केले आणि मोठा सुस्कारा सोडला. छातीवरचा धोंडाच उतरला होता. सुचित्रा आत आल्यावर ते म्हणाले, "बघितलंस? या लोकांना थोडक्यात सांगून कळत नाही. जरा डिटेलमध्ये समजावून सांगावं लागतं."

"हो ना," सुचित्रा म्हणाली आणि गवार निवडायला बसली.